वारा पाहून फोडणी देणारे जब्बारभाऊ

दर रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला आमचे शेजारी जब्बारभाऊ पेटलेली अगरबत्ती घेऊन अंगणात उभे राहायचे. अंगात बनियन, खाली चौकड्यांची लुंगी आणि नजर धुरावर. धूर पलीकडच्या मोकळ्या प्लॉटकडे गेला की मान डोलवायचे. आमच्या घराकडे वळला की तोंड पाडून आत जायचे. पाच मिनिटांनी पुन्हा बाहेर, पुन्हा तेच.

माझी आरमोरीच्या शाळेत बदली झाली आणि आम्ही त्या घरात राहायला आलो. आम्ही म्हणजे मी आणि सासूबाई. नवऱ्याची नोकरी सिरोंच्याला, महिन्यातून दोनदा घरी. दोन्ही घरांच्या मध्ये छातीइतक्या उंचीची भिंत. सासूबाईंनी पहिल्याच रविवारी भिंतीपलीकडचा प्रकार पाहिला आणि मला दटावलं, "मिक्सर बंद कर. त्याची पूजा सुरू आहे."

"आई, मुसलमान आहेत ते."

"मंग? त्यांच्यातही असंल काही. आपल्याले काय मालूम?"

तेव्हापासून रविवारी सकाळी आमचं घर चिडीचूप. रेडिओ बंद, कपडे आपटणं बंद. शिट्टी नको म्हणून सासूबाई वरणसुद्धा पातेल्यात शिजवायच्या.

जब्बारभाऊंचा धंदा कूलर दुरुस्तीचा. आमच्याकडचा उन्हाळा असा, की मार्च ते जून गावात तहसीलदारापेक्षा त्यांना मान जास्त. डॉक्टरानं रोग्याशी बोलावं तसे ते कूलरशी बोलत. "काऊन रे, पानी नाई ओढून राह्यला? कुठी दुखते तुले?" मग कान लावून ऐकत. मोटर फिरली की पत्र्यावर थाप मारून म्हणत, "शाबास! आता बाईले तरास देजो नको." ही बाई म्हणजे मी.

शेजारी म्हणून माणूस लाखात एक. पण एक गोष्ट सासूबाईंना खुपायची. ईदेला ते आमच्याकडे शिरखुर्मा आणून देत, पण कच्चा. म्हणजे शेवया, साखर, खारीक, चारोळी आणि दुधाची पिशवी, सगळं कोऱ्या स्टीलच्या डब्यात, डब्यावर दुकानाची चिठ्ठी तशीच. फाटकाबाहेरूनच म्हणत, "माहा हात नाई लागला, बाई. दुकानदारानंच भरलं."

ते गेले की सासूबाई डब्याकडे बघत बसत. "कच्चं देऊन राह्यला. आपल्याले घरी बसवून खाऊ घालाची इच्छा नाई दिसत त्याची."

पहिल्या ईदेनंतरच्या दिवाळीत सासूबाईंनी अनारसे केले. ताट भरलं, त्यावर रुमाल झाकला, दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. "तो कच्चं देते, म्हनजे त्याले आपल्या हातचं चालत नसंल. बाजारातून बंद डबा आन." मी सोनपापडीचा डबा नेऊन दिला. जब्बारभाऊंनी तो दोन्ही हातांनी घेतला, पण चेहरा उतरला. मला वाटलं, सोनपापडी आवडत नसेल. पुढच्या दिवाळीला मी पेढे नेले. चेहरा तसाच.

मी शाळेत पोरांकडून राष्ट्रीय एकात्मतेवर निबंध लिहून घेते. त्यात शेजारधर्माचा एक परिच्छेद हमखास असतो. आणि दोन वर्षं भिंतीला भिंत लावून राहूनही मी त्या माणसाला एक साधा प्रश्न विचारला नव्हता.

त्या पेढ्यांच्या दिवाळीनंतर, धानकापणीच्या दिवसांत, सासूबाईंना मलेरिया झाला. भरदुपारी ताप डोक्यात चढला, त्या मला ओळखेनात. मी भिंतीपाशी जाऊन नुसती हाक मारली. जब्बारभाऊंनी कूलर न्यायची तीनचाकी काढली, तिच्यातले दोन कूलर रस्त्यावरच उतरवले, मागे गादी टाकली आणि आम्हाला दवाखान्यात नेलं. सासूबाई शुद्धीत नव्हत्या, तरी प्रत्येक खड्ड्याआधी जब्बारभाऊ ओरडत होते, "काकी, सांभाळा!" पुढचे तीन दिवस ते दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून होते. नर्स सासूबाईंना म्हणाली, "आजी, तुमच्या मुलाला घरी जाऊन थोडं झोपायला सांगा." सासूबाई म्हणाल्या, "सांगतलं, ऐकत नाई." मुलगा नाही हे त्यांनी सांगितलं नाही. आज सासूबाई आहेत त्या त्या तीनचाकीमुळे, हे मी कोणालाही सांगायला तयार आहे.

घरी आल्यावर ताप गेला, पण अन्नावरची वासना उडाली. पेज नको, खिचडी नको, फळाची फोडसुद्धा नको. बाई दिवसेंदिवस वाळत चालल्या. चौथ्या दिवशी सकाळी त्या ओसरीवर खाटेत पडल्या होत्या. जब्बारभाऊ नेहमीसारखे फाटकाबाहेर उभे राहून तब्येत विचारत होते. सासूबाई डोळे मिटून पुटपुटल्या, "तोंडाले चवच नाई. बोकडाच्या पायाचा गरम रस्सा भेटला असता, तं उठून बसली असती."

फाटक खडकन वाजलं. "काकी, काय म्हनलं तुमी?"

"पायाचा रस्सा."

"तुमच्यात चालते?"

"काऊन नाई चालनार? जलमभर खाल्लं. इथी आल्यावर दोघी बायांसाठी कोन करते, म्हनून राहून गेलं."

"पन तुमीच सांगतलं ना! तुमी राहाले आले त्याच हप्त्यात मी पुसलं, काकी, मटन पाठवू का? तं तुमी हात जोडून म्हनलं, नाई रे बाबा, अजिबात नाई चालत!"

सासूबाईंनी डोळे उघडले. "अरे, श्रावन होता तो!"

जब्बारभाऊ मटकन पायरीवर बसले. "श्रावन," ते म्हणाले. "अन् मी दोन वर्स हवा पाहून फोडनी देऊन राह्यलो."

मग सगळं बाहेर आलं. रविवारी मटण करायचं, तर त्याचा वास काकींच्या घरात जाऊ नये, म्हणून अगरबत्तीच्या धुरावर वारा पाहायचा. वारा आमच्याकडे असला की त्या दिवशी वरण. बकरी ईदेला तर घराला कुलूप लावून वडशाला बहिणीकडे. आमच्या भांड्यांना विटाळ नको म्हणून शेवयाही कच्च्या. "अन् रविवारी तुमचं घर एकदम चूप होऊन जाये. मले वाटे, वास गेला, काकी नाराज झाल्या."

"अहो भाऊ, आम्ही तुमच्या पूजेसाठी गप्प बसायचो."

"माही कोनती पूजा?"

सासूबाई हसल्या. हसता हसता खोकल्या, आणि पुन्हा हसल्या. आजारपणानंतर पहिल्यांदाच.

जब्बारभाऊ तसेच बाजारात गेले. दुपारी दोन वाजता फडक्यात गुंडाळलेलं पातेलं घेऊन ते आमच्या घरात आले, पहिल्यांदाच आतपर्यंत. सासूबाईंना मी भिंतीला टेकवून बसवलं. त्या रस्सा पिऊ लागल्या आणि जब्बारभाऊ त्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

"मीठ?"

"बराबर आहे."

जब्बारभाऊंनी फडक्याची घडी घातली. मग ते खाली बघत म्हणाले, "शमीम बिमार होती तेव्हा शिकलो मी हे. आठ महिने पलंगावर होती. रोज करो मी. वास घे अन् म्हने, मस्त झाला. दोन चमचे झाले की तोंड फिरवे. माह्या हातची एक वाटी काई तिनं संपवली नाई."

त्यांची बायको वारली एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

उरलेला रस्सा सासूबाईंनी वाटी तोंडाला लावून संपवला. आतून बोट फिरवलं, ते चाटलं, आणि रिकामी वाटी जब्बारभाऊंपुढे धरली.

"आन अजून," त्या म्हणाल्या. "अन् तूही बस इथी. मले एकटीनं खाववत नाई."

जब्बारभाऊंनी वाटी घेतली आणि आमच्याकडे पाठ करून पातेल्यापाशी बसले. ती एक वाटी भरायला त्यांना बराच वेळ लागला. मी स्वयंपाकघरात जाऊन आणखी दोन वाट्या घेऊन आले.