माणकचंदशेठच्या मोटारीचे पडदे

"उद्या नंदुरबार टेसनावर असली मोटार उभी राहील, की व्याही डब्यातून उतरायचं विसरतील!"

असं माणकचंदशेठनी ओट्यावर बसून सगळ्या कोपर्लीला ऐकवलं. दोंडाईच्याचे सुमेरमल आणि त्यांच्या बाई सज्जनबाई, आपल्या मुलासाठी शेठच्या कमलला बघायला येणार होते. स्थळ नामी होतं. याआधीची दोन स्थळं चहा पिऊन गेली ती गेलीच! त्यामुळे या खेपेला शेठ कशातच कसर ठेवणार नव्हते.

कसर होती ती मोटारीत. काळी शेवरोलेट, अडतीस सालची. आता एकोणीसशे अठ्ठावन्न उजाडलं होतं. पुढून अजून रुबाबदार दिसायची, पण मागची चाकं म्हणजे म्हाताऱ्याच्या उघड्या पडलेल्या हिरड्या!

"शेट, चाकंच झाकी टाकू!" लोटन मिस्तरी म्हणाला. त्याने कुठल्याशा इंग्रजी मासिकातलं चित्र खिशातून काढलं. चित्रातल्या मोटारीची मागची चाकं पत्र्याच्या झाकणाआड अर्धी लपली होती. "येले स्कर्ट म्हंतस. पडदा लागना का मोटार नवरीसारखी दिखी!"

"स्कर्ट म्हणजे?" शेठच्या बाई पतासीबाईंनी दारातून विचारलं.

"बाईमाणसाचा घागरा," शेठ म्हणाले.

"मोटारीला घागरा? आणि मी दिवाळीपासून लुगडं मागते आहे ते?"

त्या तणतणत स्वयंपाकघरात गेल्या. प्रश्न उरला पत्र्याचा. गावात एवढा जाड पत्रा कुठला? शेठच्या डोळ्यांसमोर माळवदावरची गव्हाची रिकामी, पत्र्याची कोठी आली. पतासीबाईंच्या माहेरची! पण व्याही काय रोज येतात? शेठ चोरपावलांनी वर गेले. संध्याकाळपर्यंत त्या कोठीचे दोन ऐटबाज पडदे झाले, वर काळा रंगही बसला.

आधी लोटनने ते बोल्टांनी बसवले. गावाला एक फेरी मारली, तर पडदे असे खडखडले की कुत्री अंगावर धावून आली.

"आवाज नको रे बाबा!" शेठ कळवळले.

लोटनने बोल्ट काढले आणि ठाकठोक करून रिबिटा मारल्या. "आते ब्रह्मदेव उना तरी निघाव नही!"

हे वाक्य ऐकून शेठ निर्धास्त झोपले.

दुसऱ्या दिवशी टेसनावर खरोखरच गर्दी जमली. टांगेवाले वाकवाकून चाकं शोधू लागले. सुमेरमल मात्र काहीच बोलले नाहीत. पांढरंशुभ्र धोतर, लांब कोट, तोंडाला कुलूप. मागच्या सीटवर सज्जनबाईंच्या शेजारी बसले ते बसलेच. शेठ गाडी हाकत होते, लोटन शेजारी होता, आणि शेठ एकटेच बोलत होते.

कोपर्ली कोसभर उरली तोच पाहतात तर रस्त्यावर पाणी! रूपचंद पाटलांच्या केळीचा पाट फुटून काळ्या मातीचा नुसता राबडा झाला होता.

"जाऊ द्या शेट, भरधाव!" लोटन म्हणाला.

शेठनी भरधाव नेली. दहा हात गेली. मग मागची चाकं चिखल ओढून पडद्याच्या आत भरू लागली, जसा पाहुणा आग्रहाचे लाडू भरतो! चिखल आत जात होता, बाहेर यायला वाट नव्हती. गाडी कण्हली, तिरकी झाली आणि गप्प उभी राहिली. चाकं आत घट्ट रुतून बसलेली!

"काढ ते पडदे!" शेठ ओरडले.

"कसा काढू? मीच त रिबिटा मारेल शे!"

"मग छन्नीने तोड!"

"छन्नी घर ऱ्हायनी, शेट."

"आणि तू कशाला आलास रे बरोबर? शोभेला?"

शेठनी डोकं स्टिअरिंगवर टेकलं. भोंगा वाजला, तो थांबेचना! मागे सज्जनबाईंनी कानांत बोटं घातली. हे तिसरं स्थळ तर चहादेखील न पिता जाणार!

एवढ्यात मागचं दार उघडलं. सुमेरमल उतरले. कोट काढून बायकोच्या हातात दिला, धोतराचा काचा मारला आणि थेट चिखलात गुडघे टेकले.

"व्याहीजी! अहो, काय करता हे!" शेठ धावले, घसरले आणि त्यांच्या शेजारीच बसले.

"पहार आणा," सुमेरमल म्हणाले. दिवसभरातला त्यांचा पहिला शब्द!

पाटलांच्या मळ्यातून पहार आली. लोटनने हात पुढे केला, तर सुमेरमलनी तो झटकून टाकला. फटीत पहार घातली, दात आवळले, आणि खण्णकन पडदा उडून केळीत पडला! मग दुसरा. सुमेरमलचं तोंड काळ्या मातीने माखलेलं, पण पोर जत्रेत हसावं तसं हसत होतं.

"वीस वर्षांपूर्वी आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मशिनं मीच खोलायचो! आता पोरं हात लावू देत नाहीत हो!" असं म्हणत त्यांनी पडदा उचलला, आतली बाजू धोतराने पुसली आणि मोठ्याने वाचलं, "चि. सौ. कां. पतासीबाई, मामांकडून सप्रेम भेट." मग शेठकडे वळून अदबीने म्हणाले, "मोटार बाईंच्या मामांनी दिली का?"

शेठना चिखल पोटात घेईल तर बरं असं झालं.

घरी पोचल्यावर कोठीवरून जे व्हायचं ते स्वयंपाकघरात, दार लावून, हळू आवाजात झालं. कमलने चहा आणला. सज्जनबाईंनी तिला जवळ बसवून घेतलं, दोघी भोंग्याची गोष्ट काढून हसल्या, आणि तासाभरात नारळही तिच्या हातात पडला. शेठचा विश्वास बसेना.

"मुलगी आम्हाला पसंत," दुसऱ्यांदा आंघोळ करून आलेले सुमेरमल म्हणाले. "आमचं मागणं काही नाही. फक्त लग्नात नवरदेव याच मोटारीतून मिरवेल."

शेठची छाती फुगली. "अहो, धुऊनपुसून, अगदी नव्यासारखी करून ठेवतो!"

"नवी नको. फक्त ते पडदे पुन्हा पक्के बसवून घ्या," सुमेरमल त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "पहार मी घरचीच आणतो."