सह्याद्री अपार्टमेंट्सचा रंगीत नकाशा

प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या परिसरातील आर्थिक व्यवहारांचा रंगीत नकाशा पालकांच्या सहीसह सादर करावा, असा आदेश सन १९९७ च्या सप्टेंबरात नववीच्या भूगोलाला निघाला. शेती हिरवी, कारखाने करडे, दुकानं निळी, बेकायदा धंदे लाल. पहिला आलेला नकाशा शाळेच्या प्रदर्शनात लागणार होता. तो आपलाच असणार, हे गाझियाबादच्या सह्याद्री अपार्टमेंट्स या मराठी सोसायटीतल्या अक्षतानं आधीच मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं.

"लाल फारसा लागणार नाही," भूगोलाच्या लतिका मॅडम म्हणाल्या. "सोसायटीमागची झुग्गी-झोपडपट्टी रंगवलीस की झालं."

अक्षतानं झुग्गीपासूनच सुरुवात केली. खांबावर आकडे टाकून वीज घेतलेली, केली लाल. मग तिला दिसलं की त्याच खांबावरून काही जाडजूड तारा भिंत ओलांडून सह्याद्रीत उतरतात. देश नुकताच उदार झाल्यामुळे सोसायटीत अकरा एसी आले होते. मीटरला मात्र ही आनंदवार्ता कुणी कळवली नव्हती. लाइनमन राजपालजींनी जातीनं येऊन जोडण्या दिल्या होत्या. अकरा घरं लाल. तळमजल्यावाल्यांनी फूटपाथ कुंपणात घेऊन फुलवलेला मोगरा, तोही लाल. गणपतीचा मंडप रोषणाईसकट लाल. अकरातलं सातवं घर तिचं स्वतःचं होतं. तिथे पेन्सिल जरा घुटमळली, पण प्रश्न पहिल्या नंबरचा होता.

तिचे बाबा श्यामकांत हे केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर आणि सोसायटीचे सेक्रेटरी. झुग्गीतल्या वीजचोरीविरुद्धचा कडक अर्ज त्यांनीच लिहिला होता, एसी लावून. त्यांनी नकाशा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

"हे असं नाही देता येणार, बेटा."

"पण खरं आहे ना, बाबा?"

"म्हणूनच तर."

सही अडली. सहीविना नकाशा बाद होणार, आणि उद्या शेवटची तारीख. अक्षता जेवली नाही. तेव्हा बाबांनी कमिटीची तातडीची सभा बोलावली. विषय क्रमांक एक: कु. अक्षता यांच्या लाल रंगाबाबत. तासभर चहाच फिरला. शेवटी गणेशोत्सवाच्या प्रमुख इंदुमतीकाकूंनी चहाचा कप खाली ठेवला.

"झुग्गीवाले आकड्याचे दरमहा पैसे मोजतात, आपल्या वॉर्डाच्या नेताजींच्या भाच्याला. म्हणजे तो धंदा झाला. आपण राजपालला काय देतो? गणपतीला प्रसाद, दिवाळीला मिठाई, त्याच्या मुलीच्या लग्नात साडी. याला कुणी धंदा म्हणेल? ही आपली संस्कृती आहे."

सभेनं सुटकेचा निःश्वास टाकला. खांब नेताजींनी निवडणुकीआधी रोवला होता आणि नारळ सोसायटीनं दिला होता, म्हणून तो विकास ठरला. ठराव एकमतानं मंजूर: धंदा लाल, संस्कृती पिवळी, विकास नारिंगी.

"म्हणजे जे पैसे देतात ते चोर," अक्षतानं विचारलं, "आणि जे देत नाहीत ते सुसंस्कृत?"

"बिल्कुल," खजिनदार जयेशकाका खूश होऊन म्हणाले. "हुशार आहे यार, पोरगी."

पिवळं क्षेत्र एवढं निघालं की घरातली पेन्सिल अर्ध्या नकाशातच संपली. बाबांनी ब्रीफकेसमधून डझनभर नव्या पिवळ्या काढल्या, प्रत्येकीवर ऑफिसचा शिक्का. यांना कुठला रंग द्यायचा, असं तिनं विचारलं, तेव्हा बाबांनी शिक्क्याची बाजू खाली फिरवली.

"ही स्टेशनरी आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी सही केली.

नकाशा पहिला आला. प्रदर्शनात ही गर्दी लोटली. प्रत्येक जण आधी आपली इमारत शोधायचा, पिवळी दिसली की समोशांकडे वळायचा. कडेच्या रंगसूचीत मात्र अक्षतानं कमिटीला न विचारता एक मोठा कोरा चौकोन जोडला होता. त्यापुढे लिहिलं होतं: 'पाहणाऱ्याचं घर. रंग ज्याचा त्यानं भरावा.' शेजारी दोरीला दोन पेन्सिली बांधल्या होत्या, एक लाल आणि एक पिवळी.

दुपारपर्यंत चौकोन हळदीच्या ताटासारखा दिसू लागला आणि पिवळी पेन्सिल तीनदा बदलावी लागली. लाल पेन्सिलीचं टोक सकाळी होतं तसंच होतं.

तुम्ही रांगेत मागे असाल तर घाई नको. बाबांनी डझन आणल्या आहेत. तुमच्यासाठी पिवळी राखून ठेवली आहे.