थोरली लेमूरबाईसाहेब यांचे गणितपरीक्षेची हकीगत

श्रीशारदेचे चरणी मस्तक ठेवून, आणि घडले तितकेच सांगावे, पदरचे मीठ घालू नये, इतकी बुद्धी हात थांबेपर्यंत राहो ऐसे मागून, लेखनास आरंभ केला ऐसाजे. शके एकोणीसशे त्रेचाळीस, प्लवनाम संवत्सरी, समुद्राचे काठी एक राज्य होते, त्याचे नाव सांगण्याची आज्ञा नाही. त्या राज्याचे किनाऱ्यापासून दोन घटकांचे वल्हवणीवर एक बेट, आणि बेटावर झाडी दाट, आणि झाडीत चाळीस लेमूर. हे प्राणी परद्वीपीचे. महाराजांचे आजोबा यांस कोणी एका जहाजवाल्याने बारा नजर केले होते, ते त्यांनी कौतुके बेटावर सोडिले आणि पुढे विसरोन गेले. लेमूर मात्र विसरले नाहीत, वाढत गेले. वानर म्हणावे तर वानर नव्हे, मांजर म्हणावे तर मांजर नव्हे, डोळे तांबूस, वाटोळे, सदा नुकतीच वाईट बातमी ऐकिल्यासारखे, आणि शेपटीस काळी-पांढरी कडी. शंभर वर्षे त्यांची दरबारातून कोणी वास्तपुस्त केली नाही. मग शेजारील राज्यात कावळ्यांस अक्कल आहे ऐसे सिद्ध जाहले, आणि त्याचा डांगोरा देशोदेशी पिटला गेला, आणि या दरबारास ते बहुत झोंबले. अमात्य त्रिंबकपंत यांनी हुजुरास अर्ज केला की, शेजाऱ्याचे कावळे हुशार आणि आपले राज्यात हुशार ऐसे कोणीच नाही हे शोभत नाही. यावर दरबारात कोणाचीही हरकत आली नाही. मग शोध घेता बेटावरील लेमूर आठवले, आणि हुकूम सुटला की, यांस अक्कल आहे किंवा कसे याची परीक्षा घ्यावी. असल्यास राज्याची कीर्ती, नसल्यास प्राणी उचलोन पिंजऱ्यांत भरावे आणि ज्या राज्यास हवे त्यास वाटोन टाकावे, आणि मोकळ्या बेटावर विश्रामधाम बांधावे. विश्रामधामाचा नकाशा अमात्यांचे जावयाजवळ तयार होताच.

परीक्षेचे कामी अनसूयाबाई टिपणीस यांची नेमणूक जाहली. बाई वयाने छत्तीस, प्राण्यांचे बुद्धीचे शास्त्र शिकलेल्या, अंगाने काटक, बोलणे थोडे आणि लिहिणे फार. बेटावर एक पत्र्याची खोली, एक कॅमेरा, आणि सोबतीस गोमाजी नाखवा, जो मचवा हाकी आणि तीस वर्षे बेटाची राखण करी. बाई पहाटे उठोन चहा घेत आणि झाडीत जात, तो लेमूर मंडळी उन्हास पोट देऊन, दोन्ही हात पसरोन, मांडी घालोन ओळीने बसलेली असत, जणू संध्येस बसली. ते उरकल्यावाचून कोणी कोणाचे ऐकत नसे, म्हणोन बाईही तेथेच दगडावर बसत. मग शिकवणी सुरू होई. प्रत्येकास निराळ्या रंगाचा पाट, आणि आपले पाटावर जो बसेल त्यास एक बेदाणा, आणि हातातील डबी वाजली म्हणजे बरोबर केले ऐसे समजावे, इतका धडा शिकविण्यास सात महिने लागले. पहिले महिन्यात लेमूर पाटावर न बसता पाट उचलोन नेत. दुसरे महिन्यात बेदाणे घेऊन बसत आणि खाऊन उठत. तिसरे महिन्यात एके तरण्या लेमुराने डबीच पळविली आणि झाडावर बसोन वाजवू लागला, आणि खालचे सर्व लेमूर बेदाण्याकरिता त्याजकडे पाहो लागले, तेव्हां बाईंस रडावे की हसावे ऐसे जाहले. त्या दिवसाचे वहीत बाईंनी इतकेच लिहिले: एक जण शिकला, परंतु विषय चुकला.

याखेरीज लढाया होत. लेमुरांत पुरुषांचे युद्ध शस्त्राने नव्हे, वासाने. दोघे समोरासमोर उभे राहोन आपले मनगटीचा दर्प शेपटीस माखीत आणि शेपटी डोक्यावरून पुढे आणोन शत्रूकडे झुलवीत, आणि ज्याचा वास अधिक त्याचा जय. ऐसे घनघोर युद्ध दोन दोन घटका चाले, रक्ताचा थेंब सांडत नसे, आणि मग टोळीची थोरली येऊन दोघांचेही थोबाडीत देई आणि दोघांचाही बेदाणा खाऊन जाई. कारण त्या जातीत राज्य बायकांचे. ही थोरली बहुत जाणती, एका कानाचा लचका गेलेली, चालणे धिमे, आणि समोरच्याकडे ऐसे रोखोन पाही की नवख्याने आपले काय चुकले ते आठवो लागावे. बाईंच्या वहीत तिचा क्रमांक सातवा होता, परंतु गोमाजी तिला थोरली म्हणे, आणि पुढे बाईही म्हणो लागल्या.

मग गणित आरंभिले. दोन पाट्या समोर धराव्या, एकीवर ठिपके कमी, दुसरीवर अधिक, आणि अधिकाचे पाटीस जो हात लावील त्यास बेदाणा. बाकीची मंडळी दैवावर हवाला ठेवीत. थोरली मात्र दीड महिन्यात वीसपैकी एकोणीस बरोबर देऊ लागली. तीन-पाच, चार-सहा, सात-आठ, काही समोर येवो, थोरली क्षणभर बसे, मान वर करी, आणि नेमके अधिकावर हात ठेवी. बाईंस आनंद जाहला तो लिहिता पुरवत नाही. त्यांनी सावधपणे दरबारास कळविले की, चिन्हे आशेची आहेत, आणखी एक वर्ष तपासावे लागेल. अमात्यांनी पत्राचा पहिला अर्धा भाग वाचला, आणि आठ दिवसांत राज्यभर जाहीर केले की, आमचे लेमूर गणिती आहेत. चौकाचौकात थोरलीचे चित्र लागले, पाठशाळांत मठ्ठ मुलांस तिचे नाव घेऊन बोलो लागले, आणि खासा महाराज सहकुटुंब बेटावर येऊन परीक्षा पाहतील ऐसा दिवस नेमला गेला.

तो दिवस तीन आठवड्यांवर असता बाईंचे डोळे आले. दोन्ही लाल, पाणी थांबेना, म्हणोन बाई काळा चष्मा लावोन कामास बसल्या. त्या दिवशी थोरलीने वीसपैकी नऊ बरोबर दिली. दुसरे दिवशी अकरा. तिसरे दिवशी दहा, आणि तिसरे दिवशी तर ती पाट्यांकडे पाहीना, पुढे येऊन बाईंच्या चष्म्याखालून तोंड घालोन पाहो लागली. मग डोळे बरे होताच त्यांनी चष्मा काढोन परीक्षा घेतली, तो वीसपैकी वीस. पाठ फिरवोन घेतली, दहा. मग पाट्या गोमाजीचे हाती उलट्या दिल्या, जेणेकरोन कोणती कोणती हे त्यासही न कळावे, तो आठ. बाईंनी वही मिटली आणि दगडावर बसोन राहिल्या. गोमाजी शेजारी येऊन उकिडवा बसला.

म्हणाला, "बाई, रागवणार नसाल तर सांगतो. जी पाटी बरोबर असते ना, थोरलीचा हात तिच्याजवळ आला की तुम्ही श्वास धरता. भुवई पण जरा वर जाते."

बाई म्हणाल्या, "नाखवा, इतके महिने तुम्ही हे पाहताय?"

"पाहतोय की. मला वाटलं, ते शास्त्रातलंच हाय."

पुढील दिवस बाईंनी मोठ्या कष्टात काढिले. जेवण जाईना. एक मन म्हणे, तोंड न झाकता उभे राहिले की जाहले, महाराज येतील, टाळ्या वाजतील, बेट वाचेल, आणि यात खोटे असे एक अक्षरही बोलावे लागत नाही. दुसरे मन म्हणे, न बोलता बोललेले खोटेही खोटेच. गोमाजीने एकदाच विषय काढिला, की पिंजऱ्यात घालून दर्यापार नेली तर म्हातारी थोरली तगायची नाही. मग तो आपले कामास गेला. बाईंस ते बोलणे महालातील सर्व हुकुमांहून जड गेले.

मग नेमले दिवशी सकाळी स्वारी बेटावर आली. महाराज आले, राणीसाहेब आल्या, अमात्य त्रिंबकपंत जावयासह आले, आणि सात मंत्री आले, त्यांपैकी चौघांस मचव्यात उलटी जाहली होती. छत्र्या लागल्या, खुर्च्या मांडल्या. थोरली आपले पाटावर येऊन बसली. बाईंनी पाट्या धरिल्या आणि वीसपैकी वीस उत्तरे बरोबर आली. टाळ्यांचा कडकडाट जाहला, अमात्यांनी उठोन भाषण आरंभिले, त्यात कावळ्यांचा उल्लेख तीन वेळा आला, आणि हार बाईंच्या गळ्यात घालण्यास हात वर केले. त्या क्षणी गप्प राहण्याखेरीज काहीच करावयाचे नव्हते, आणि तितकेच बाईंस जमले नाही.

म्हणाल्या, "सरकार, परीक्षा अर्धीच झाली आहे."

आणि पिशवीतून काळा चष्मा काढोन डोळ्यांस लाविला, पदर तोंडावर घेतला, आणि पुन्हा वीस वेळा पाट्या धरिल्या. नऊ उत्तरे बरोबर आली. मग बाईंनी चष्मा काढोन सर्व वर्तमान सांगितले, की थोरलीस गणित येत नाही, ती माझे तोंड वाचते, आणि इतके महिने मी तिला शिकविते ऐसे समजत होते, तो तीच मला वाचीत होती. अमात्यांचा हार हातातच राहिला. ते म्हणाले की, ही दरबाराची फसवणूक आहे, सबब पिंजरे आजच मागवावे आणि बेट मोकळे करावे. जावयांनी नकाशा उलगडिला.

महाराजांनी हात वर करोन थांबविले. विचारिले, "टिपणीसबाई, म्हणजे माणसाच्या मनात काय आहे ते हिला कळतं?"

बाई म्हणाल्या, "मन कळत नाही, सरकार. पण मनातलं तोंडावर आलं की ते हिच्या नजरेतून सुटत नाही."

महाराजांस मौज वाटली. त्यांनी दोन वाट्या पालथ्या मांडविल्या, आणि वासाने कळो नये म्हणोन गोमाजीने दोन्ही वाट्यांस बेदाणा चोळिला. मग अमात्यांस आज्ञा जाहली की, हिचे आड कापड धरोन एका वाटीखाली बेदाणा ठेवा आणि कोणत्या वाटीखाली ते हिला कळो देऊ नका. अमात्य तीस वर्षे दरबारात मुरलेले, चेहरा दगडासारखा ठेवण्यात त्यांचा हातखंडा. त्यांनी बेदाणा ठेविला आणि दगड होऊन बसले. थोरली जवळ गेली, वाट्यांकडे पाहिले नाही, अमात्यांचे डोळ्यांत डोळे घालोन बसली. चार श्वास गेले. मग एक वाटी उलटी करोन तिने बेदाणा खाल्ला. पुन्हा ठेविला, पुन्हा खाल्ला. मग सातही मंत्र्यांस एकेक करोन बसविले, आणि थोरलीने सातही बेदाणे खाल्ले. न्यायमंत्री यांचे तर आडचे कापड पुरते सरकण्याआधीच ओळखिले.

महाराज खळखळोन हसले आणि म्हणाले, "ठरलं. हिला दरबारात आमच्या शेजारी बसवावी. ज्याला जे मागायचं असेल, त्यानं ते हिच्याकडे बघून मागावं."

हे वाक्य पडताच जावयांनी नकाशा गुंडाळिला. आणि मग अमात्य त्रिंबकपंत उभे राहिले आणि त्यांनी ऐसे भाषण केले की तैसे त्यांचे मुखातून पूर्वी कधी निघाले नव्हते. हे प्राणी नाजूक, शहराची हवा यांस विषासमान, बेटाबाहेर एक पाऊल यांचे पडू देणे म्हणजे महापाप, सबब कोणाही लेमुरास आचंद्रार्क बेटावरून हलवू नये, बेटावर एक वीटही रचू नये, आणि टिपणीसबाई व नाखवा यांखेरीज कोणी बेटाजवळ मचवाही आणू नये, ऐसा कायदा आजच व्हावा. सातही मंत्री एकमुखे होय म्हणाले. ज्या दरबारात विहिरीस रहाट बसविण्याचे कागदावर सही होण्यास दोन वर्षे लागत, तेथे खुर्चीचे पाठीवर कागद ठेवोन पाव घटकेत आठ सह्या जाहल्या. महाराज मात्र शिक्का हाती धरोन खट्टू जाहले, की ऐसा गुणी प्राणी दरबारात नको म्हणता हे काय. तोच राणीसाहेब, ज्या आतापर्यंत काहीच बोलिल्या नव्हत्या, शांतपणे म्हणाल्या की, दरबारात नको तर राहो, आपल्या महालात ठेवू, जेवायच्या वेळी समोर बसेल. महाराजांनी राणीसाहेबांकडे पाहिले, मग थोरलीकडे पाहिले. थोरली महाराजांकडेच पाहात होती. शिक्का तत्काळ पडला.

स्वारी परत गेली तेव्हां समुद्र खवळला होता, तरी कोणी थांबले नाही. बाईंस बिरुद मिळणार होते ते मिळाले नाही, आणि राज्यातील चित्रे रातोरात नव्हे तरी महिन्याभरात उतरली. बाईंनी आपले हाताने गणिताचे सर्व आकडे खोडिले. खोडताना एकदा डोळे भरोन आले, परंतु हात थांबला नाही. मग त्यांनी नवी वही काढिली आणि गोमाजीकडून दोन बांबूंमध्ये जाड पडदा बांधोन घेतला, की पलीकडून पाट्या सरकवाव्या, आणि शिकविणाराचे तोंड प्राण्यास दिसोच नये. पहिले दिवशी थोरली येऊन पाटावर बसली, पडद्याकडे पाहिले, पाट्यांकडे पाहिले. मग उठली, पडद्यास वळसा घालोन पलीकडे आली, आणि बाईंच्या मांडीवर दोन्ही हात टेकोन त्यांचे तोंडाकडे पाहात बसली. बाई हसल्या. वहीचे पहिले पान त्या दिवशी कोरेच राहिले.

एवं बेट राहिले, लेमूर राहिले, आणि कायदा अद्याप चालतो आहे. गणिताविषयी विचाराल तर थोरलीस ते येते ऐसा पुरावा आजतागायत मिळाला नाही, आणि शेजारील कावळ्यांचीही फेरपरीक्षा व्हावी ऐसे टिपणीसबाईंचे मत आहे. शुभं भवतु.