ढोल्या तरंगतो का?

"बुडेल," सरांनी वहीतून डोकं वर न काढताच निकाल दिला.

उभी हयात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या नवऱ्याला आपली पहिली बालकथा वाचायला द्यायची, ही बाईंचीच चूक. कथेतला ढोल्या नावाचा अगडबंब प्राणी चाळीस पोरांना पाठीवर घेऊन, खदाखदा हसत समुद्र ओलांडत होता. पुढचं काही केल्या सुचत नव्हतं, म्हणून त्या मोठ्या आशेने आल्या होत्या.

"अहो, गोष्ट कशी वाटली ते सांगा ना."

"तेच सांगतोय. एवढ्या वजनाचा प्राणी बुडणारच."

"आयुष्यात एक तरी गोष्ट शेवटपर्यंत वाचलीत का हो तुम्ही?" वही हिसकावून बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी आपटू लागल्या.

सरांना वाईट वाटलं, पण माघार घेतील तर ते सर कसले! प्रयोगानेच पटवून द्यायचं ठरलं. पत्र्याच्या डब्याचं पोट, त्यावर मातीचं कातडं, वरून मेण. हसतोय म्हणून तोंड उघडं. पोरांच्या जागी चाळीस लोखंडी नट, मोजून चिकटवलेले.

बादलीत ढोल्या कडांना अडकला. "आधार मिळाला. निकाल ग्राह्य नाही," असं स्वतःलाच बजावत सर गच्चीवर गेले आणि त्यांनी इमारतीच्या टाकीचं झाकण काढलं.

ढोल्या घटकाभर ऐटीत तरंगला, मग गटागटा पाणी पिऊन तळाला गेला. "बघा!" सर एकटेच ओरडले. पण तो नेमका खाली जाणाऱ्या पाइपच्या तोंडावर जाऊन बसला होता.

पाच मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरच्या काकू डोक्यावरच्या साबणासकट वर आल्या. मागोमाग अर्धी दाढी केलेले वकील.

"सर, पाणी का गेलं?"

"प्राणी बुडालाय. काढतो."

"आपल्या टाकीत? प्राणी?" काकूंची किंकाळी तळमजल्यापर्यंत पोचली. प्लंबर आला, बाईही हातातल्या वहीसकट धावत आल्या.

प्लंबरने टाकीत उतरून ढोल्याला बाहेर काढलं, उलटा धरून रिकामा केला. "सर, तोंड उघडं ठेवलंत, मग बुडेल नाही तर काय होईल?" त्याने तोंडाला टेप गुंडाळली आणि ढोल्या पुन्हा पाण्यात सोडला. चाळीस नटांसकट तो मजेत तरंगू लागला.

"म्हणजे हसला नाही तर तरंगतो!" बाईंनी कठड्यावर बसून भराभर लिहायला घेतलं. सर त्यांच्या खांद्यावरून वाचू लागले. भर समुद्रात एका पोराने ढोल्याला गुदगुल्या केल्या होत्या.

"अगं, काय करतेस? हसवू नकोस त्याला! चाळीस पोरं आहेत पाठीवर!"

बाई थांबल्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांच्या लिहिण्याची एवढी काळजी सरांनी कधी केली नव्हती.

"वाचतात ना गं पोरं?" सरांनी काकुळतीने विचारलं.

"शेवटपर्यंत वाचा, म्हणजे कळेल," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पान उलटलं.