कवळीचे उड्डाण

दवाखान्यातल्या खुर्चीत सासरे आ करून बसले होते. डोक्यावरच्या दिव्याचा उजेड त्यांच्या रिकाम्या हिरड्यांवर ओसाड अंगणातल्या चांदण्यासारखा पसरला होता. आणि दंतवैद्य जावई हातातल्या उघड्या निळ्या डबीकडे असा पाहत होता, जणू आता डबीनेच काय तो खुलासा करावा. डबीत कवळी नव्हती. प्लास्टरचा एक करडा गोळा होता आणि त्यातून शिशाचे छर्रे डोळे वटारून बाहेर पाहत होते.

वडिलांचा इस्त्रीचा कोट हातावर घेऊन उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने डबीत डोकावून पाहिले.

"हे काय आहे?"

"वजन."

"बाबांच्या तोंडात वजन बसवणार आहात?"

"नाही गं. हे रॉकेटच्या नाकात असायला हवं होतं."

"मग बाबांचे दात कुठे..."

प्रश्न पुरा होण्याआधीच तिला उत्तर कळले. सासऱ्यांनाही कळले असावे, कारण त्यांचे तोंड सावकाश मिटले.

सासरे एके काळचे वृत्तनिवेदक. त्यांच्या 'नमस्कार'वर लोक घड्याळे लावत. दात काढल्यापासून त्यांनी तोंडातून शब्द काढला नव्हता. विरलेला आवाज चारचौघांत नेण्यापेक्षा मौन पत्करलेले बरे, हा त्यांचा बाणा. परंतु जुन्या रेडिओ केंद्राची इमारत आज कायमची बंद होणार होती आणि तिथले शेवटचे बातमीपत्र त्यांनीच वाचावे, असा सर्वांचा आग्रह होता. तेवढ्यासाठी ते खुर्चीत बसले होते.

जावयाचा छंद निराळा होता. गाजलेल्या रॉकेटांच्या हुबेहूब प्रतिकृती करायच्या आणि मेव्हण्याला हाताशी धरून त्या उडवायच्या. दवाखान्यातले सामान या कामी सढळ हाताने खर्ची पडे. कवळीची डबी रॉकेटच्या नाकात तंतोतंत बसते, हा त्याचा अलीकडचा शोध. आणि त्या शोधाचा त्याला सकाळपर्यंत अभिमान होता. "टेबलावरची निळी डबी घेऊन जा," असे त्याने मेव्हण्याला सांगितले होते. टेबलावर निळ्या डब्या दोन होत्या.

"पण नाकात वजन कशाला?" बायकोने विचारले. "इतकी वर्षं नाही लागलं ते?"

"शेपटीकडचं वजन वाढलं की तोल मागे जातो. मग नाक जड करावं लागतं."

"आणि शेपटीकडचं वजन का वाढलं?"

जावयाने खुर्चीवरचा दिवा बंद केला.

"मोठं इंजिन घेतलंत!"

"अगदी किंचित मोठं."

"मी नको म्हटलं होतं. बाबांनीसुद्धा नको म्हटलं होतं, तेव्हा त्यांना दात होते! फोन लावा आधी त्याला."

"तो मैदानावर आहे, फोन त्याच्या गाडीत असणार. उड्डाणाच्या वेळी जवळ फोन बाळगायचा नाही, असा कडक नियम आहे."

"कुणी केलाय हा नियम?"

जावयाने दिवा पुन्हा लावला.

गाडीतून मैदानाकडे जाताना त्याला आणखी एक गोष्ट सुचली आणि ती न सांगण्याइतके शहाणपण त्याला सुचले नाही.

"कवळी हलकी असते."

"मग?"

"म्हणजे नाक पुरेसं जड नाही. ते सरळ जाणार नाही."

मागच्या आसनावरून एक दीर्घ सुस्कारा आला.

मैदानाच्या मधोमध पांढरे-काळे रॉकेट आपल्या खांबाला टेकून उभे होते. उंच, निर्मळ, एखाद्या अजून न उच्चारलेल्या शब्दासारखे. मेव्हणा बराच लांब, हातात बटण घेऊन वाकला होता. तिघे त्याच्या दिशेने धावले. बायको कोट फडकावत होती, जावई घसा फोडून ओरडत होता. पण वारा त्यांच्या तोंडचे शब्द काढून घेऊन मागे टाकत होता. मेव्हण्याने वर पाहिले. आजवर एकदाही मैदानाकडे न फिरकलेले वडील चक्क धावत येत होते. त्याचा चेहरा उजळला.

"बाबा आले!" तो म्हणाला, आणि त्या आनंदाच्या भरात त्याने बटण दाबले.

एक फूत्कार झाला, धुराचा लोट उसळला आणि रॉकेटने जमीन सोडली. सासरे जागच्या जागी थबकले. आपल्याच दातांकडे मान वर करून पाहण्याचा योग फार थोड्यांच्या वाट्याला येतो. वर गेल्यावर रॉकेट डगमगले, वाऱ्याकडे कलले, आणि मग आकाशात दोन छत्र्या उमलल्या. मोठ्या छत्रीखाली रॉकेटचे धड मैदानात उतरू लागले. छोट्या छत्रीखालचे नाक मात्र कुंपण ओलांडून पलीकडच्या रोपवाटिकेकडे तरंगत निघाले.

"कसं वाटलं, बाबा?" मेव्हण्याने विचारले.

"बाबांची कवळी आहे त्यात, शहाण्या!" त्याची ताई कडाडली.

"दाजी, तुम्हीच म्हणालात ना, निळी डबी घे!"

"दोन होत्या, उघडून बघायचं होतंस!"

"बंद डबी नाकात बसते म्हणून तुम्हीच नाचला होतात!"

चौघे कुंपणापलीकडे पोहोचले तेव्हा रोपवाटिकेची मालकीण फाटलेल्या हिरव्या जाळीखाली उभी होती. तिच्या एका हातात पाण्याची नळी होती, दुसऱ्यात उघडी निळी डबी, आणि चेहऱ्यावर रंग म्हणून नव्हता.

"माणूस कुठाय?" तिने विचारले.

"कुठला माणूस?"

"ज्याचे हे दात आहेत तो! बाकीचा कुठे पडलाय?"

"हे काय, इथे उभे आहेत," जावई म्हणाला. "आमचे सासरे. अखंड आहेत."

तिने सासऱ्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "यांचेच कशावरून?"

"अहो, मी दंतवैद्य आहे."

"मग तर तुमच्याकडे कुणाचेही असतील. घालून दाखवू द्या त्यांना."

सासऱ्यांनी डबी घेतली, कवळी नळीच्या धारेखाली निगुतीने धुतली आणि पाठ फिरवून तोंडात बसवली. जबडा डावीकडे गेला, उजवीकडे गेला. या कवळीचे माप घेतल्यापासून ती आज प्रथमच तोंडात जात होती, आणि तीही आभाळातून. सासरे वळले.

"नमस्कार. रॉकेटमधून भरकटलेली एक कवळी आज रोपवाटिकेत सुखरूप सापडली. जीवितहानी नाही. काही रोपे मोडली असून ती जावई स्वतःच्या हाताने नव्याने लावतील."

एकही अक्षर निसटले नव्हते. तो खर्जातला, पाण्यासारखा नितळ आवाज रोपांच्या रांगांवरून पार कुंपणापर्यंत गेला. मालकिणीने नळी बंद केली.

"अगंबाई, हे तुम्ही होय! तुमचा आवाज लागला की आई आम्हाला शाळेत पिटाळायची."

जावई एका उपड्या कुंडीवर मटकन बसला. छातीवरचा धोंडा उतरला की माणसाला हसू येते की रडू, हे त्याचे त्यालाच उमगेना. मेव्हणा तर उघड उघड डोळे पुसत होता. बायकोनेही पुसले, मग मात्र तिने पदर खोचल्यासारखा आवाज काढला.

"बाबा, आता दात आहेत. तुम्हीच या दोघांना स्वच्छ शब्दांत सांगा. हा खेळ आजपासून बंद. आणि मोठ्या इंजिनाचं तर पुन्हा नावही काढायचं नाही."

दोघांच्या माना खाली गेल्या. सासऱ्यांनी वाफ्यात पडलेले रॉकेटचे नाक उचलले, त्यावरची माती फुंकरीने उडवली आणि ते आभाळाच्या दिशेला धरून एक डोळा मिटून पाहिले.

"किती उंच गेलं असेल रे?" त्यांनी मुलाला विचारले.

"ढगापर्यंत नाही, बाबा. पण नाक जड असतं ना, तर..."

"बाबा! मी काय विचारतेय?"

सासऱ्यांनी ते नाक काखेत नीट धरले आणि गाडीच्या दिशेने चालू लागले.