पाहुण्यांसाठी निर्मळ केलेली खाडी

नाइवाकाच्या खाडीतल्या पाण्यावर माणसाच्या वावराचा काय परिणाम होतो, हे ठरवण्यासाठी शासनाने समिती नेमली. समितीचा सचिव मी. खाडीत शिंपल्या वेचून राजधानी सुवाच्या बाजारात विकणाऱ्या विलिमाइनाची तक्रार होती, की हॉटेलचा मैलापाण्याचा पाइप आणि गावची डुकरं मिळून खाडी नासवतायत. गिऱ्हाइकं आजारी पडली आणि आता तिच्या टोपलीकडे कोणी बघतही नाही. हॉटेलला मात्र आणखी जाड पाइप हवा होता. दोघांचंही भवितव्य आमच्या पाण्याच्या नमुन्याच्या बाटलीत होतं.

आम्हा फिजीच्या माणसांना दुसऱ्याच्या पाण्यात असाच हात घालता येत नाही. आधी निरोप धाडायचा, मग यांगोनाची, म्हणजे आमच्या मानाच्या पेयाची, मुळी घेऊन गावप्रमुखापुढे चटईवर बसायचं, आणि परवानगी मागायची. शासनानेही ही रीत नियमात घातली आहे. आम्ही निरोप चांगला पंधरवडाभर आधी धाडला.

गेलो तर किनारा ओळखू येईना. डुकरं डोंगरावर नेलेली. धुणं बंद. पोरांना पाण्यात पाय घालायची मनाई. हॉटेलनेही पाहुणचारात मागे न राहता पाइपला बूच मारलं होतं आणि आपल्या पर्यटकांना सहलीला पिटाळलं होतं.

"रातू, ही कसली तयारी?" आमचे अध्यक्ष एरोनी साहेब म्हणाले.

गावप्रमुख रातू इसोआ दुखावले. "पाणी बघायला मोठी माणसं येणार, आणि आम्ही पाणी पारोसं ठेवायचं?"

पाणी उत्कृष्ट निघालं. अहवालात मी लिहिलं : मानवी वावर आढळला नाही, सबब परिणामही आढळला नाही.

विलिमाइना तणतणत आली. "साहेब, उद्या या ना! आज संध्याकाळीच डुकरं खाली उतरतील."

"उद्याचा निरोप दिलेला नाही."

"मग न सांगता या!"

"न सांगता नेलेलं पाणी म्हणजे चोरीचं पाणी, बाई. त्याचा अहवाल होत नाही."

तरी समिती न्यायी. फेरतपासणी ठरली आणि निरोपात स्पष्ट कळवलं : नेहमीसारखं वागा. रातूंनी गावाला समजावलं, "म्हणजे पाहुण्यांसमोर नेहमी वागतो तसं." या खेपेला बायांनी शेवाळही खरवडून काढलं. मासे पाण्यात काय काय करतात याचा भरवसा नाही, म्हणून जाळी ओढून त्यांना खडकांपलीकडे हाकललं. अहवालात मी नोंदलं : मासेसुद्धा आढळले नाहीत, निर्मळतेची कमाल. जाड पाइप मंजूर झाला.

आठवड्याने विलिमाइना सुवाला आमच्या कचेरीत, ऐन सभेत हजर. हातात यांगोनाची मुळी, कडेवर पातेलं. चटईवर बसून तिने रीतसर मुळी पुढे ठेवली. एरोनी साहेबांनी सवयीने टाळी वाजवून ती स्वीकारली. मुळी स्वीकारली, की मागून येणारं ताट परतवता येत नाही. मग तिने झाकण काढलं. नारळाच्या दुधातल्या शिंपल्या.

"पाइपाच्या तोंडाशी वेचल्यात. तुमच्याच उत्कृष्ट पाण्यातल्या. घ्या."

कोणी पातेल्याला हात लावेना. शेवटी साहेब पुटपुटले, "आधी कळवून यायचं होतंस."

"कळवलं असतं तर जेवून बसला असतात."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने नियम काढला : समितीचा विषय माणसाचा पाण्यावरचा परिणाम, पाण्याचा माणसावरचा परिणाम तिच्या कक्षेत येत नाही. साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला आणि सभा तहकूब केली. पाइपाचं काम तहकूब झालं नाही. विलिमाइना आता त्याच हॉटेलात चादरी धुते. ते पाणी नव्या पाइपातून खाडीत जातं.

तुम्ही समितीला हसत असाल. हसा. समिती आता घरोघरच्या मोऱ्यांचंही मूल्यमापन करणार आहे, आणि या खेपेला रीत बाजूला ठेवून, निरोप न देता. उद्या सकाळी तुमच्याकडेच येतो.

काय म्हणालात? आधी फोन करून या?