साभार परत, पण समक्ष

लेख नाकारायचा तर लेखकाच्या घरी जाऊन, दारात वहाणा काढून, समोर बसून नाकारायचा, असा नियम पाळणारा संपादक मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. त्रिंबकराव लोणकर. अहमदनगरात चितळे रोडच्या मागच्या बोळात त्यांचा छापखाना होता आणि तिथून ते ‘वळचण’ नावाचं मासिक काढत. संपादक तेच, मालक तेच, प्रकाशक तेच आणि अंकांना तिकिटं चिकटवणारेही तेच. सगळं गाव त्यांना तात्या म्हणे.

बाकीच्या संपादकांकडे ‘साभार परत’ची छापील चिठ्ठी असते. लेखाला टाचायची आणि पोस्टात टाकायची. तात्यांना ती चिठ्ठी नुसती पाहूनही कसंतरी व्हायचं. “मास्तर, माणसानं जीव ओतून लिहिलेलं असतं,” ते मला म्हणत. “पोस्टमन दारात हाक मारणार, बायकापोरांसमोर ते पाकीट हातात पडणार. नाही म्हणायचं तर तोंडानं म्हणावं.”

मी तेव्हा एका शाळेत मास्तर होतो आणि संध्याकाळी ‘वळचणी’ची मुद्रितं तपासायला जात असे. तात्यांचा नियम मला पटला होता. अडचण एवढीच, की त्यांना तोंडानंही नाही म्हणता येत नसे.

तोफखाना भागातल्या एका निवृत्त मामलेदारांनी ‘माझ्या बदल्या’ नावाचं आत्मचरित्र पाठवलं. तात्या पहिलं प्रकरण परत करायला गेले आणि उरलेली दहाही घेऊन आले. “काय करणार मास्तर, त्यांना अजून प्रत्येक कचेरीतल्या शिपायाचं नाव पाठ आहे. घरात ऐकणारं कुणी नाही हो.” दोन वर्षं ते आत्मचरित्र चाललं. सरकारनं त्यांची जागोजाग बदली केली, पण आमच्या अंकातून काही त्यांची बदली होईना.

घोडेगावच्या बाजारात बैलांची दलाली करणारा रंगनाथ म्हणून एक कवी होता. त्यानं आपल्या ढवळ्या बैलावर एकशे आठ ओव्या रचून धाडल्या. तात्या त्या परत करायला गेले ते नेमके बाजाराच्या दिवशी. तिथली रीत अशी, की भाव तोंडानं बोलायचा नाही. रुमालाखाली हात घालायचे आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. रंगनाथनं तात्यांना पाहिलं आणि त्यांचा हात धरला तो रुमालाखालीच.

“किती पानं छापनार, तात्या? बोटांनी सांगा. भवती लोक हायेत.”

तात्या हात सोडवून घ्यायला धडपडले. त्या धडपडीत चार बोटं दाबली गेली.

“चार. लई झालं,” रंगनाथ म्हणाला आणि त्यानं त्यांना उसाचा रस पाजला. पुढच्या अंकात बैल चार पानं चालला.

“तात्यास्नी न्हाई म्हनायला शिकवा, मास्तर,” आमचा पौलस मला म्हणाला. पौलस म्हणजे छापखान्यात खिळे जुळवणारा, नेवाशाकडचा ख्रिस्ती गृहस्थ आणि तिथला एकमेव शहाणा माणूस. “त्या ढवळ्यापायी माझा ‘ळ’च्या खिळ्यांचा खण रिकामा झाला.”

तात्यांच्या कानावर हे जाई की नाही, देव जाणे. दुपारी यंत्राची खडखड चालू असली की ते खिडकीशी बसून पश्चिमेकडं बघत. हातात पेन्सिल, मांडीवर कागद आणि मन कुठल्या कुठं. तीनदा हाक मारावी तेव्हा एकदा ‘ओ’ येई, तोही लांबून कुठूनतरी आल्यासारखा. आपण काय विचारलं होतं ते तोवर आपणच विसरलेलो असू. मला त्यांचा राग येई, आणि पाच मिनिटांनी वाटे की आपणही जरा खिडकीशी बसावं.

एकदा मी चिडून विचारलं, “तात्या, हे मासिक तुम्ही काढता तरी कशासाठी?”

“एका लेखासाठी,” ते म्हणाले. “आपल्या जिल्ह्यातून एकच असा लेख यावा, की तो वाचून माणसानं थोडा वेळ कुणाशी बोलू नये.”

“मग तुम्हीच का लिहीत नाही?”

“यजमानानं पहिल्या पंगतीला बसू नये, मास्तर.”

मग दुसऱ्या महायुद्धानं कागद खाल्ला. सरकारनं कागदावर नियंत्रण आणलं आणि अठ्ठेचाळीस पानांची ‘वळचण’ सोळा पानांवर आली. रस्त्यांवरून दिवसभर लष्करी लॉऱ्या धावत, किल्ल्यात देशातली मोठमोठी माणसं कोंडलेली, आणि आमच्या टेबलावर लेखांचा ढीग मात्र जसाच्या तसा. आता भिडेखातर छापत बसलो असतो तर वर्गणीदार गळाले असते आणि मासिक मिटलं असतं. भीड ही भिकेची बहीण, असं मी तात्यांना रोज ऐकवू लागलो.

शेवटी करार ठरला. निवड मी करायची, तात्यांनी फक्त पोचवायचं, आणि मी नाही म्हटलेलं त्यांनी हो करायचं नाही. तात्यांनी शब्द दिला आणि नवल म्हणजे पाळला. घरोघर जाऊन जड मनानं लेख हातात द्यायचे आणि “मास्तरांना पसंत नाही हो” एवढं म्हणून उठायचे. चार महिन्यांत निम्म्या नगरानं माझ्याशी बोलणं टाकलं. मला त्याचा थोडा अभिमानही वाटत होता, हे कबूल केलं पाहिजे. संपादकाच्या निळ्या पेन्सिलीची चटक वाईट असते.

अशात एक लेख आला. ‘पाण्याखालची आळी’. लेखक सखाराम धोंडो, मुक्काम भंडारदरा. पहिल्या पानावर एक माणूस धरणाच्या काठी बसून पाण्याकडं पाहतो. दुसऱ्या पानावरही पाहतोच. पान संपता संपता तो मनानं पाण्यात उतरायला लागतो. मी तिथंच थांबलो आणि वर कोपऱ्यात लिहिलं, ‘यात काही घडत नाही. परत.’

तात्यांनी तो शेरा बराच वेळ वाचला. एवढा वेळ लागावा इतका तो मोठा नव्हता.

“शेवटपर्यंत वाचलंत?”

“शेवटपर्यंत कशाला वाचायला पाहिजे? दोन पानांत कळतं.”

“हो, तेही खरं,” ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. थोड्या वेळानं म्हणाले, “पोचवून येतो. लांब आहे, दोन दिवस लागतील.”

मला शंका आली. एवढ्या लांब, डोंगरात, माझ्या माघारी हा माणूस शब्द मोडणार. शाळेला सुट्टी होती. मी म्हणालो, मीही येतो. तात्यांनी सगळ्या सबबी काढल्या. मोटार वाईट आहे, वर गारठा असतो, वाटेत बिबट्या आडवा येतो. मग तर मी येणारच म्हणालो.

मोटार खरोखरच वाईट होती. पेट्रोल मिळत नसल्यामुळं ती कोळशाच्या गॅसवर चाले. चढ आला की ड्रायव्हर खाली उतरून भट्टी ढवळे आणि उतारू शेजारून चालत. संगमनेर गेलं, अकोले गेलं, राजूर गेलं. रस्ता डोंगरात शिरला तशी हवा निवली आणि रानातून ओल्या मातीचा वास येऊ लागला. एरवी तात्या शेजाऱ्याला गाव, मुलंबाळं, पीकपाणी सगळं विचारत. त्या दिवशी त्यांनी कुणाला काही विचारलं नाही.

भंडारदऱ्याला उतरलो तेव्हा ऊन कलतं होतं. पाणी लांबवर पसरलेलं, त्यात डोंगर उलटे पडलेले, आणि इतकं शांत की आपण मोठ्यानं बोलू नये असं वाटावं. एक म्हातारा शेळ्या वळत होता. पत्ता विचारण्यात तात्यांचा हातखंडा, पण ते काही पुढं होईनात. शेवटी मीच विचारलं.

“बाबा, सखाराम धोंडो कुठं राहतात?”

“असं कुनी न्हाई हितं.” मग तो तात्यांकडं बघून हसला. “ह्ये हायेत की. आमच्या शाळंच्या मास्तरांचं पोर. कवामवा येत्यात.”

“यांचं घर आहे इथं?”

“हाय कुठलं, हुतं.” त्यानं काठी उचलून पाण्याच्या मधोमध दाखवलं. “त्या तितं. आमचं बी तितंच. धरन झालं आन् समदं गाव खाली गेलं.” आणि तो शेळ्यांमागं निघून गेला.

तात्या एका दगडावर बसले. पिशवीतून लेख काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

“अक्षर ओळखाल म्हणून दुसऱ्याकडून लिहून घेतलं,” ते म्हणाले. “आता बसा समोर आणि परत द्या. नियम सगळ्यांना सारखा. तोंडानं म्हणा.”

निम्म्या नगराला नाही म्हणणारा मी. मी कागदांची टोकं सरळ करत बसलो.

“तात्या, मी दोनच पानं वाचली होती.”

“ठाऊक आहे. तिसऱ्या पानापासून तुमच्या पेन्सिलीचा ठिपकासुद्धा नाही.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिथंच बसून लेख पहिल्यापासून वाचायला घेतला. तात्या उठून दहा पावलं लांब, माझ्याकडं पाठ करून बसले.

लेखातला माणूस पाण्याखालच्या आळीतून चालत होता. सुताराच्या दारात अर्धं झालेलं चाक. भागीरथीकाकूंच्या ओसरीवर नाचणीचं जातं. शाळेत पोरांच्या पाट्या ओळीनं मांडलेल्या. प्रत्येक घरातून कुणीतरी विचारतं, कधी आलास, आणि तो प्रत्येकाला थांबून उत्तर देतो, कुणालाच टाळत नाही. असं करत तो शेवटच्या घराशी, आपल्या घराशी येतो आणि दाराबाहेर उभा राहतो. तिथं लेख संपला होता.

मला काही बोलवेना. पाण्यावर ऊन हललं, पक्ष्यांचा एक थवा पलीकडं गेला, तरी मी तसाच बसून होतो.

“तो आत का जात नाही?” मी बऱ्याच वेळानं विचारलं.

“आत आई आहे,” तात्या मागं न वळता म्हणाले. “ती विचारील, इतकी वर्षं काय केलंस? काय सांगू तिला? सोळा पानं?”

मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. पण आमच्यात तशी पद्धत नव्हती. म्हणून मी संपादक झालो.

“लेख घेतो,” मी म्हणालो. “पण एक दुरुस्ती पाहिजे. त्यानं आत गेलं पाहिजे. त्याशिवाय छापणार नाही.”

मी निळी पेन्सिल त्यांच्यापुढं धरली. त्यांनी कागद मांडीवर घेतले. दोनदा काहीतरी लिहिलं, दोनदा खोडलं. ऊन डोंगराच्या टोकाला गेलं तेव्हा कुठं त्यांनी शेवटचं पान मला दिलं. खाली दोनच ओळी वाढल्या होत्या.

‘दार नुसतं लोटलेलं होतं. आई म्हणाली, किती वाळलास रे. आधी जेव, मग सांग.’

जागा करायला मी ‘मराठी टीकेची दिशा’ हा माझा स्वतःचा लेख काढला. त्या दिशेवाचून कुणाचं काही अडलं नाही. पौलसनं ‘पाण्याखालची आळी’ जुळवली आणि कधी नव्हे ते कुरकुरला नाही. मुद्रित माझ्यापुढं ठेवून नुसतं म्हणाला, “ह्यो सखाराम चांगला मानूस दिसतोय.” मी हो म्हणालो.

अंक निघाला त्या दिवशी वर्गणीदारांच्या प्रती पोस्टात गेल्या. लेखकाची प्रत तात्यांनी खाकी कागदात गुंडाळली, वर सखाराम धोंडोंचं नाव घातलं आणि पहाटेच्या मोटारीनं ती घेऊन ते एकटेच भंडारदऱ्याला गेले. दुसऱ्या दिवशी परत आले, खिडकीशी बसले आणि नव्या अंकाचे लेख वाचायला लागले. प्रत कुणाला दिली, ते मी विचारलं नाही.